मैदान कुणाचं?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कालपासून आपण इथं मुलींची शाळेतली गळती, बालविवाह, रक्तक्षय, घरातली मारझोड अशा विषयांवर बोलतो आहोत. शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘फुटबॉल’ असा शब्द दिसला तेव्हा दोघीतिघी जणी हसल्या. त्यांचं चुकलं नाही. जिथं मुलीला पोटभर खायला मिळावं म्हणून भांडावं लागतं, तिथं खेळाची गोष्ट म्हणजे पोट भरलेल्यांची चैन वाटते. पण मला आज तेच मांडायचं आहे, की ही चैन नाही.

‘मुली मैदानावर येतच नाहीत हो’, ‘त्यांना आवडच नसते’, ‘बायकांचे सामने बघायला येतो कोण?’ ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. शाळेचे सर म्हणतात, नगरसेवक म्हणतात, घरातले म्हणतात, कधी कधी आपल्याच बायका म्हणतात. माझं म्हणणं असं, की या वाक्यांत घटनांचा क्रम उलटा लावलेला असतो. आधी मैदान काढून घेतलं जातं. मग कुणी येईनासं होतं. आणि मग ‘कुणी येत नाही’ हेच मैदान न देण्याचं कारण म्हणून पुढं केलं जातं. हे मला पुस्तकात नाही, परदेशात एका फुटबॉलच्या सामन्याला बसले असताना नीट उमगलं. म्हणून त्या सामन्यापासून सुरुवात करते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका प्रशिक्षणासाठी मी लंडनला गेले होते. कौटुंबिक हिंसाचाराला तोंड देणाऱ्या बायकांसाठी तिथं जी आधारगृहं आहेत, त्यांचं काम बघायचं होतं. तिथल्या एका कार्यकर्तीनं शनिवारी विचारलं, “दुपारी मॅचला येतेस का?” तिच्याकडं आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड या दोन क्लबांच्या महिला संघांच्या सामन्याचं एक जादा तिकीट होतं. तारीख होती १७ फेब्रुवारी.

मी कोल्हापूरची. मंगळवार पेठेत वाढले. त्यामुळं फुटबॉल मला परका नव्हता. आमच्याकडं तालमींचे संघ असतात, पेठापेठांत ईर्षा असते. सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमवरची आरोळी आमच्या माडीपर्यंत यायची. गोल झाला हे आवाजावरून कळायचं, कुणी केला ते भाऊ घरी आल्यावर. भाऊ, चुलते, शेजारचे काका सगळे तिथं असायचे. “तू जाऊ नकोस” असं मला कुणी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही, कारण जायचं असतं हेच आम्हा मुलींच्या मनात येत नव्हतं. बंदीपेक्षा हे जास्त पक्कं असतं. बंदी मोडता येते. जे मनातच येत नाही, ते मोडायचं कसं?

तर लंडनच्या त्या सामन्याकडं वळू. त्या मैदानाजवळच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला क्लबचंच नाव आहे, आर्सेनल. गाडीतून उतरले तेव्हा सगळा फलाट लालपांढरा. गर्दीत शिरताना आपण बायका नकळत काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. पर्स पुढं घेतो, कोपर बाहेर काढतो, खांदे आवळतो. मीही तशीच चालत होते. थोड्या वेळानं ध्यानात आलं, की आजूबाजूला अर्ध्याहून जास्त बायका आणि मुलीच आहेत. शाळेतल्या मुलींचे घोळके, लेकीला खांद्यावर घेतलेले बाप, काठी टेकत चाललेल्या आज्या. जिना चढून आत गेलो आणि खाली ते हिरवं मैदान दिसलं. त्या दिवशी तिथं ६०,१६० प्रेक्षक होते. तोपर्यंतच्या इंग्लंडच्या महिला लीगमधली ती सर्वांत मोठी गर्दी होती.

आमच्या पुढच्या रांगेत सातआठ वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याच्या पाठीवर, टी-शर्टवर एका खेळाडू बाईचं नाव छापलेलं. मी बराच वेळ त्या पाठीकडंच बघत होते. आपल्याकडं मुलग्याला चिडवायचं तर ‘बायकांसारखा काय खेळतोस’ म्हणतात. आणि हा पोरगा एका बाईचं नाव पाठीवर मिरवत होता. त्यात काही विशेष आहे असं त्याच्या गावीही नव्हतं.

खेळाचं बारीकसारीक मला फार कळतं असं नाही. आर्सेनलनं ३–१ असा सामना जिंकला. त्यांची कप्तान किम लिटल, अंगानं लहानखुरी, तिनं पेनल्टीवर गोल केला. पण मला जे दिसलं ते वेगळं. बावीस बाया मैदानभर धावताहेत, एकमेकींना भिडताहेत, पडताहेत, गुडघे खरचटताहेत, उठून पुन्हा धावताहेत. ओरडून चेंडू मागताहेत. पंचांशी हुज्जत घालताहेत. एकही जण अंग चोरून उभी नाही. आपल्या वस्तीतल्या चौदा वर्षांच्या मुलीचं चालणं आठवा. ओढणी सावरत, छाती झाकत, भिंतीच्या कडेनं. आपलं शरीर म्हणजे सांभाळायची आणि लपवायची वस्तू, हे तिला रोज शिकवलं जातं. शरीर म्हणजे ताकद, वेग, दम, हे शिकायची जागा तिला कुठं आहे? आपण आरोग्याच्या सत्रात तिला शरीराची चित्रं दाखवतो, आणि ते करायलाच हवं. पण चित्रानं जे होत नाही, ते तासभर धावल्यानं होतं.

विरुद्ध संघाच्या गोलपाशी मेरी अर्प्स उभी होती. तिची गोष्ट सांगते. २०२३ च्या विश्वचषकात ती इंग्लंडची गोलरक्षक होती. संघाचे कपडे बनवणाऱ्या नाईकी कंपनीनं बाकीच्या खेळाडूंचे शर्ट चाहत्यांसाठी दुकानात आणले, पण गोलरक्षकाचा शर्ट विकायलाच ठेवला नाही. अर्प्स उघडपणे बोलली. दीड लाखाहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. मग कंपनीनं शर्ट बाजारात आणले आणि ते भराभर संपले. आता सांगा, ‘मागणी नव्हती’ असं कुणी म्हणायचं?

मध्यंतरात मी माझ्या मैत्रिणीला म्हटलं, “तुमच्याकडं बायकांच्या फुटबॉलला आता चांगले दिवस आले.” ती म्हणाली, “आता नाही. शंभर वर्षांपूर्वी आले होते. ते घालवले.” आणि तिनं जो इतिहास सांगितला, तो नंतर मी वाचूनही काढला.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या. प्रेस्टन गावात डिक, कर नावाची कंपनी होती. तिथल्या कामगार बायका जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळायच्या. १९१७ साली त्यांनी संघ बांधला आणि जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सामने खेळून पैसे उभे करू लागल्या. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सेंट हेलेन्सच्या बायकांशी सामना झाला. आत ५३,००० माणसं होती, आणि जागा नाही म्हणून हजारो दाराबाहेर राहिली. १९२० साली, बरं का! पुढच्या वर्षी खाणकामगारांवर टाळेबंदी आली, तेव्हा त्यांच्या उपाशी कुटुंबांसाठीही बायकांच्या संघांनी सामने खेळून निधी जमवला.

मग ५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला. हा खेळ बायकांना शोभणारा नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि संघटनेतल्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. जोडीला जमवलेल्या पैशांच्या हिशेबाबद्दल संशयही घेतला होता. बायकांच्या तब्येतीला हा खेळ सोसत नाही, असं सांगणारे डॉक्टरही मिळाले. तब्येत, अब्रू आणि हिशेब. बाईला मागं ओढायचं तर ही तीन कारणं कुठंही उपयोगी पडतात. आपल्या बचत गटांच्या बायकांना विचारा.

ठरावानं खेळ बेकायदा झाला नाही. बायका खेळत राहिल्या, पण चिखलाच्या मोकळ्या रानांत, बागांत, जिथं बसायला पायऱ्या नाहीत, तिकीटखिडकी नाही, कपडे बदलायला खोली नाही. प्रेक्षक हळूहळू गळाले. ही बंदी १९७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. संघटनेनं माफी मागितली ती २००८ साली. इंग्लंडच्या भूमीवर बायकांच्या दोन क्लबांमधल्या सामन्याला पुन्हा ५३ हजारांच्या वर माणूस जमायला २०२३ साल उजाडावं लागलं. मधे दोन पिढ्या अशा गेल्या, की त्यांना वाटत राहिलं, बायकांचा फुटबॉल कुणाला बघायचाच नसतो.

हे एका इंग्लंडचं नाही. ब्राझीलनं १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांना फुटबॉल बंद ठेवला. पश्चिम जर्मनीच्या संघटनेनं १९५५ पासून १९७० पर्यंत. इराणमध्ये तर बाईनं पुरुषांचा सामना नुसता बघायला जाणं हाही गुन्हा ठरत होता. सहर खोदायारी ही तरुणी मार्च २०१९ मध्ये पुरुषी वेष करून तेहरानच्या आझादी स्टेडियमकडं गेली आणि पकडली गेली. आपल्याला सहा महिने तुरुंगवास होईल असं तिच्या कानावर आलं. सप्टेंबरमध्ये तिनं न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं. ती एकोणतीस वर्षांची होती. जगभर संताप झाल्यावर त्याच १० ऑक्टोबरला काही हजार इराणी बायकांना कंबोडियाविरुद्धच्या सामन्याला राखीव गॅलरीत बसू दिलं गेलं. ‘आझादी’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको. पायरीवर बसून टाळ्या वाजवण्याच्या हक्कासाठी एका बाईचा जीव गेला. खेळ ही चैन नाही असं मी म्हणते ते यासाठी.

आता दुसरी बाजू. मी तिकडचं सगळं गोड आहे असं सांगायला आलेले नाही. ज्या आधारगृहांचं काम बघायला मी गेले होते, तिथल्या कार्यकर्त्या फुटबॉलकडं वेगळ्याच नजरेनं बघतात. पुरुषांची मोठी स्पर्धा आली की त्या जास्तीच्या तयारीला लागतात. लँकॅस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी लँकशर परगण्यातल्या पोलीस नोंदी तपासल्या. २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषकांच्या काळातल्या. इंग्लंडचा पुरुष संघ जिंकला किंवा बरोबरी झाली त्या दिवशी घरगुती हिंसेच्या नोंदी २६ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी. म्हणजे जिंकलं तरी मार, हरलं तर जास्त मार. खेळ हिंसा जन्माला घालतो असं नव्हे. जो हात आधीच उठत असतो, त्याला दारू, जमाव आणि मर्दानगीची नशा निमित्त पुरवते. एकाच चेंडूभोवती या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून खेळ कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न आपला आहे.

‘व्यावसायिक’ या शब्दावरही थोडं बोलते. इंग्लंडची ती महिला लीग २०११ मध्ये सुरू झाली, आणि पूर्ण वेळ व्यावसायिक झाली २०१८ मध्ये. व्यावसायिक म्हणजे खेळ ही नोकरी, मैदान हे कामाचं ठिकाण. मग तिथं आपल्या ओळखीचे सगळे प्रश्न येतात. बाळंतपणाची रजा घ्या. जागतिक संघटनेनं, फिफानं, किमान चौदा आठवडे पगारी रजेचा नियम २०२१ पासून लागू केला. आइसलंडची सारा ब्यर्क गुन्नर्सडोटिर ल्यों या फ्रान्सच्या क्लबात असताना गरोदर राहिली आणि तिचा पगार थकला. ती लढली आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. लैंगिक छळाचा प्रश्न घ्या. २० ऑगस्ट २०२३ ला स्पेननं विश्वचषक जिंकला, आणि बक्षीस देण्याच्या मंचावर, सगळ्या जगासमोर, त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष लुइस रुबियालेस यांनी हेनी एर्मोसो या खेळाडूचं तिच्या संमतीशिवाय चुंबन घेतलं. ‘आनंदाच्या भरात झालं’ हा बचाव आपल्या विशाखा समित्यांपुढंही येतो, नाही का? तिच्या मैत्रिणी मात्र फुटल्या नाहीत. हे अध्यक्ष असेपर्यंत आम्ही देशासाठी खेळणार नाही, असं विश्वविजेत्या संघानं जाहीर केलं. रुबियालेस यांना पद सोडावं लागलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषी ठरवून दंड केला. हे घडलं ते एकजुटीमुळं. अकरा जणींनी एकत्र धावायची सवय अशी कामाला येते.

आपल्या देशाकडं येऊ. भारताचा महिला संघ १९८३ साली आशिया चषकात उपविजेता होता, हे इथं किती जणींना माहीत आहे? त्यानंतर त्या मुलींना सामने मिळाले नाहीत, सराव मिळाला नाही, पैसा मिळाला नाही. महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायला २०१६–१७ उजाडलं. तरी मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबात पगारी खेळाडू म्हणून गेली. जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात हरवून २०२६ च्या आशिया चषकात जागा मिळवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत आपल्या नवी मुंबईत झाली. आणि माझ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंजू तुरंबेकर खेळाडू म्हणून आणि पुढं प्रशिक्षक म्हणून नावाजल्या गेल्या. म्हणजे पायात दम नाही, असं नाही.

आता माझ्या वस्तीचं सांगते. मुंबईच्या उपनगरातली वस्ती. जवळ एकच मोकळं मैदान, सार्वजनिक. ते एका मंडळाच्या ताब्यात आहे. लंडनहून आल्यावर आमच्या किशोरी गटानं एक उद्योग केला. पंधरा दिवस रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून वहीत लिहायचं, की मैदानावर कोण आहे. क्रिकेट खेळणारे मुलगे, पत्ते कुटणारे पुरुष, मोटारसायकली लावणारे, झोपलेले दारुडे, सगळ्यांची नोंद. मुलींच्या रकान्यात मुली होत्या, पण मैदान ओलांडून पाण्याला किंवा क्लासला जाणाऱ्या. ती वही घेऊन मुलीच मंडळाकडं आणि मग वॉर्ड ऑफिसात गेल्या. बऱ्याच खेपांनंतर आठवड्यातून दोन दिवस, चार ते सहा, मैदान मुलींना मिळालं.

पहिल्या आठवड्यात मूठभर मुली आल्या. का, ते त्यांनीच सांगितलं. मैदानाजवळच्या संडासाला कुलूप, किल्ली मंडळाच्या पोरांकडं. किल्ली मागायला जायचं म्हणजे टोमणे. पाळीच्या दिवसांत तर प्रश्नच नाही. सहानंतर दिवा नाही. आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचं कुणी? म्हणजे पुन्हा तेच, आवडीचा प्रश्न नव्हताच. आम्ही किल्ली मिळवली, ती आता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडं असते. भावंडांना मुली घेऊनच येतात, एका चटईवर बसवतात, पाळीपाळीनं बघतात. काही आया कामावरून येताना दहा मिनिटं कठड्यावर बसायला लागल्या. एक जण मला म्हणाली, “ताई, माझी पोरगी एवढ्या जोरात ओरडते हे मला ठाऊकच नव्हतं.”

आणि आता मंडळानं पत्र दिलं आहे. परीक्षेच्या दिवसांत मुली कमी आल्या, मैदान ‘रिकामं’ राहिलं, तेव्हा तो वेळ परत द्यावा. पुढच्या महिन्यात वॉर्ड ऑफिसात त्यावर बैठक आहे. त्या पत्राचं आणि १९२१ च्या त्या ठरावाचं नातं तुम्हाला दिसतंय ना? मुलग्यांचं मैदान दुपारभर रिकामं पडतं, तेव्हा ते त्यांचंच असतं. मुलींचं मात्र एक दिवस रिकामं राहिलं की हिसकावून घेता येतं.

म्हणून शेवटी चार कामं मांडते, आपापल्या वस्तीत करून बघा. एक, मैदानाची वही ठेवा, पंधरा दिवस, मुलींच्याच हातानं. आपल्याजवळ लेखी काही असलं की समोरचा जरा दबकतो. दोन, मैदानाची वेळ मागताना संडास, पाणी आणि दिवा यांची मागणी त्याच अर्जात लिहा, वेगळी नको. तीन, जी वेळ मिळेल ती लेखी घ्या, आणि हजेरी कमी झाली तरी ती वर्षभर काढून घेता येणार नाही असं त्यात घाला. चार, आणि हे सगळ्यांत सोपं. आपण मोठ्या बायकांनी तिथं जाऊन बसावं. खेळायला जमो न जमो, बघायला बसावं. मुलगी धावताना तिच्याकडं कोण बघतंय यावर तिचं धावणं ठरतं. कठड्यावर टवाळ पोरं असतील तर ती थबकते. आई, मावशी, आजी असतील तर सुसाट सुटते.

आमची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, तीन वाजता आहे. मुली त्यांची वही घेऊन येणार आहेत. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी यावं. बैठक झाली की चार वाजता मैदानावर मुलींचा सामना ठेवला आहे. चटया आम्ही आणतो. आवाज तुम्ही आणा.